ताळा जुळला

त्या सोमवारी दुपारी नीलकंठ घाटे पाट्या तपासायला निघाला, तेव्हा त्याला एकच काळजी होती, उन्हाची. चव्वेचाळीस सालचा मे महिना होता. जबलपूरचं ऊन, आणि कारखान्याच्या त्या टोकाला सावली धरायला एक झाड नाही. लढाई चालू होती. गोळ्यांच्या बुडाशी बसवायच्या स्फोटक टोप्या तिथे भरल्या जात. भरण्याच्या शेडी एकमेकींपासून लांब लांब, मातीच्या उंच बांधांआड बसवलेल्या, म्हणजे एक उडाली तरी दुसरी वाचावी. प्रत्येक शेडीच्या दाराशी एक काळी पाटी असे. आत एका वेळी किती माणसं असावीत तो आकडा तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेला असे. दर सोमवारी या पाट्या आपल्या यादीशी ताडून पाहायच्या, हे मोजणी-कारकून नीलकंठचं काम. चुकायला जागाच नाही असलं हे काम त्याला फारसं आवडत नसे.

दक्षिणेकडची शेवटची शेड सात माणसांची. त्या सातांत त्याचा धाकटा भाऊ श्रीरंग होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून या पोराला नीलकंठनेच वाढवलं होतं, आणि साहेबांच्या मागे लागून गेल्या दसऱ्याला त्यानेच इथे चिकटवलं होतं. श्रीरंगला बिल्ला मिळाला एकशे आठ नंबरचा. आईला कोण आनंद झाला होता. जपमाळेचे मणी तेवढेच, म्हणाली, पोराला देवच राखील.

शेडीची रीत कडक होती. खिसे नसलेले, गुंड्या नसलेले कपडे घालायचे. दाराच्या आत ढोपरभर उंचीची लाल फळी. बाहेरची चप्पल अलीकडे, आतले बूट पलीकडे. आत जाताना आपला पितळी बिल्ला दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. खिळ्यांवर जितके बिल्ले, तितकी माणसं आत. मोजायला इतकं सोपं, की अंगठेबहाद्दरालाही जमावं.

नीलकंठने यादीवरून मान वर केली. पाटीवर ‘आदमी ७’ असायला हवं होतं. तिथे होतं ‘आदमी ७३’.

त्याला आधी रागच आला. कुणाला तरी काम नाही, आणि निस्तरायचं आपण. त्याने रंगाऱ्याला बोलावून तीन पुसायला लावला, समोर उभं राहून पाटी काळी करून घेतली, सात पुन्हा काढून घेतला.

मंगळवारी दुपारी तिथे ७३९ होतं. बुधवारी ७३९३.

पाटी रोज संध्याकाळी रंगवली जात होती. रोज सकाळी सातच दिसे. दुपारचा भोंगा झाला, माणसं भाकरी खायला गेली, शेड ओस पडली, की परतेपर्यंत आकडा कालच्यापेक्षा एका घराने लांब झालेला असे.

आता दुसरा कुणी असता तर त्याने नुसता रंगाचा खर्च मोजला असता. पण नीलकंठ पडला बापूंचा चेला. बापू म्हणजे त्याच्या आधीचे मोजणी-कारकून, रामकृष्ण बापू, गेल्या दिवाळीत वारले ते. बापूंना एक खोड होती. कुठलाही आकडा दिसला, बग्गीचा, शिधापत्रिकेचा, कुणाच्या बिल्ल्याचा, की त्याला कशाने भाग जातो ते शोधायचं. भाग लागला की तपकिरीची चिमूट ओढून म्हणायचे, “सुटला बिचारा.” नाही लागला तर दिवसभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नसे. ज्याला कशानेच भाग जात नाही तो आकडा हट्टी असतो, म्हणायचे, तो कुणाला तरी धरून बसतो. ही खोड नीलकंठला लागली ती लागलीच.

त्याने ७३ ला भाग लावून पाहिला. जात नाही. ७३९ ला सात, अकरा, तेरा असं करत तेवीसपर्यंत गेला. जात नाही. ७३९३ ला त्र्याऐंशीपर्यंत. तोही कोरडा. एखादा आकडा असा निघतो, नाही असं नाही. पण शेपटाला रोज एक नवा आकडा जोडायचा आणि तरी तो कशाने तुटू नये, हे काही रिकामटेकड्याचं काम नव्हे. हे करायला आधी बसून गणित करावं लागतं. नीलकंठला पहिल्यांदा उन्हात थंडी वाजली.

बुधवारी त्याने टेबलाचा खालचा खण उपसला. बापूंच्या वेळचे रद्दी फॉर्म तिथे तसेच होते, आणि त्यांच्याखाली बापूंची लांबट वही. गेल्या ऑक्टोबरच्या एका पानावर रोजची तारीख घालून एकाखाली एक आकडे लिहिले होते. ५. ५९. ५९३. ५९३९. पुढे वाढत वाढत आठव्या ओळीला ५९३९३३३९. आणि नवव्या दिवशी आकडा नव्हता. तिथे बापूंच्या बारीक अक्षरात होतं, ‘बिल्ला ४१ गेला. भाग लागता तर सुटला असता. दोनशेपर्यंत पाहिलं. वेळ पुरला नाही.’

बिल्ला एक्केचाळीस नीलकंठला आठवत होता. पूर्वेकडच्या पाच माणसांच्या शेडीत ट्रे हातातून निसटला आणि एक जण जागच्या जागी गेला होता. त्यानंतर बापूंनी अंथरूण धरलं ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर ताप म्हणाला होता.

तो वही घेऊन फोरमनकडे गेला. फोरमन भाऊराव आपल्याच माणसांतला, वर्ध्याकडचा, पण लढाईने त्याची झोप आणि स्वभाव दोन्ही खाल्ले होते. त्याने वही उलटी धरली, मग सुलटी धरली.

“घाटे, काहून डोकं खाऊन राहिले माझं? पाटीवर कोणी बदमाशी करून राहिला, मी पहारा लावतो. बस.”

“पहारा लावा हो. पण शेड एक आठवडा बंद ठेवा. रविवारी आठ आकडे पुरे होतात, सोमवारी…”

“सोमवारी काय?”

नीलकंठने वहीतल्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं. जे डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं ते तोंडातून निघालं की खुळ्यासारखं वाटत होतं.

“ऊपर काय सांगू मी?” भाऊराव आवाज खाली आणून म्हणाला. “आकड्याला भाग नाही जात म्हणून शेड बंद केली? तिकडे आघाडीवर माल पाहिजे. अच्छा, जा आता. आणि ही वही कोणाला दाखवू नका, माणसं बिथरतील.”

पहारा बसला. गुरुवारी पहारेकऱ्याच्या नाकासमोर पाटीवर ७३९३९ उमटलं आणि त्याला विचारलं तर म्हणे, “हम तो यहीं खड़े थे बाबूजी.” नीलकंठने गुरुवारची संध्याकाळ जाळून त्या आकड्याला दोनशे एकाहत्तरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागलं. प्रत्येक वेळी काही ना काही उरलंच. कधी एक, कधी चाळीस. बाकी उरण्याची इतकी चीड त्याला जन्मात आली नव्हती. शेवटी त्याने पेन्सिल भिंतीवर फेकली, मग तीच उठून शोधली, कारण लढाईत पेन्सिलीही मिळत नव्हत्या.

शुक्रवारी तो स्वतः जाऊन उभा राहिला.

भोंगा झाला. माणसं गेली. खिळे रिकामे झाले. बांधांच्या मधल्या त्या चौकात वाराही यायचा नाही, फक्त वरून लू वाहत असल्याचा सूं सूं आवाज यायचा. तापलेल्या पत्र्याचा वास होता. पाटीवर नुसता सात होता. नीलकंठ डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिला. घाम भुवईवरून चष्म्यावर आला. त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. किती वेळ लागतो त्याला?

चष्मा घातला तेव्हा पाटीवर ७३९३९१ होतं.

आणि पत्र्याच्या वासात दुसरा वास मिसळला होता. तपकिरीचा. अगदी जवळून. डाव्या खांद्याशी कुणी तरी नाकात, तोंडातल्या तोंडात पाढे म्हणत होतं, म्हणता म्हणता अडखळत होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं. नीलकंठने मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही.

“बापू…” तो म्हणाला.

पाढे थांबले.

त्याने पुढे होऊन पाटीला बोट लावलं. आकडे खडखडीत वाळलेले होते, जणू वर्षानुवर्षं तिथेच होते. पण शेवटच्या एकाच्या खाली एक छोटी तिरपी रेघ होती, आणि ती ओली होती. ती रेघ तो ओळखत होता. बापू प्रत्येक आकड्याच्या शेवटच्या घराखाली ती ओढत, म्हणजे पुढे कुणाला एखादा आकडा घुसडता येऊ नये.

आकडे बापूंनी लिहिले नव्हते. बापू फक्त रोज येऊन त्याच्याखाली रेघ ओढत होते, की बाबा, आता बस. आणि दुसऱ्या दिवशी रेघेला न जुमानता तो पुढे सरकत होता. मेल्यावरही माणसाच्या हाताला यश नाही.

शनिवारी त्याने श्रीरंगला कामावर जाऊ दिलं नाही.

“दादा, आकड्यानं माणूस मरते का कधी?” श्रीरंग म्हणाला. आधी हसत म्हणाला, मग चिडून. वीस वर्षांचा पोर, अंगात जोर, घरात डांबून ठेवलेला. “माझा कायम व्हायचा कागद साहेबाच्या टेबलावर पडून राहिला आणि तुम्ही मला आजारी पाडून राहिले.”

“दोनच दिवस.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारचं सोमवारी पाहू.”

रविवारची सुट्टी लढाईने कधीच गिळली होती. दुपारी नीलकंठने पाटी पाहिली. ७३९३९१३३. आठ घरं भरली होती. खाली ओली रेघ होती, आणि या वेळी ती दोनदा ओढलेली होती. निघताना भाऊरावने त्याला फाटकाशी गाठलं. भाऊ उद्या आला नाही तर नाव कटेल, तिसऱ्या दिवसाचं मी सांभाळू शकत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. तो वाईट बोलला नाही. त्याचाही नाइलाज होता.

म्हणजे आता एकच वाट उरली होती. आकडा फोडायचा.

अधारतालच्या बिऱ्हाडी दोन खोल्या आणि पुढे ओटा. नीलकंठ ओट्यावर बसला, मांडीवर पाट, पाटावर रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या पाठी. दाराच्या चौकटीवर रेशनवाल्यांनी घरातली माणसं मोजून गेरूने ४ काढलेला होता. आई, तो, बायको अनसूया आणि श्रीरंग. चाराला दोनाने भाग जातो, त्याच्या मनात आलं, किती सुखाचा आकडा.

सात कोटी एकोणचाळीस लाख आणि वर. याला भाग जात नाही असं ठरवायचं तर आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायला हवं. हजारावर भागाकार. एका संध्याकाळी. पण भाग जातो असं दाखवायला एकच पुरे होता. त्या एकाच्या शोधात तो निघाला. सात, अकरा, तेरा. सतरा, एकोणीस. बाकी, बाकी, बाकी. सूर्य उतरला. एकशे एकला बाकी. एकशे एकोणपन्नासला बाकी. आतून आईच्या जपाचा आवाज येत होता. श्रीरंग दाराला टेकून दादाची पेन्सिल कशी घासली जाते ते बघत होता, आणि त्याच्या तोंडावर आता चीड नव्हती, कीव होती. ती नीलकंठला जास्त झोंबली.

एकशे त्र्याण्णवला बाकी उरली आणि तिसरा कागद संपला.

“अहो, भात निवून राहिला,” अनसूया आतून म्हणाली.

“आलो.”

“मघापासून आलोच म्हणून राहिले तुम्ही. थोडं खाऊन घ्या ना. डोळे पाहा कसे झाले.”

“आलो म्हटलं ना,” तो वसकन ओरडला, आणि चौथा कागद ओढून त्याने वर आकडा उतरवला. ७३९३१९३३. खाली भाजक मांडला, एकशे सत्याण्णव.

सातशे एकोणचाळीसात तीन वेळा. चौदाशे त्र्याऐंशीत सात वेळा. पाच. दोन. आठ. शेवटी राहिले सतराशे त्र्याहत्तर. एकशे सत्याण्णव नवे… त्याने बोटांवर केलं, मग कागदावर केलं. सतराशे त्र्याहत्तर.

बाकी शून्य.

त्याने त्या शून्याभोवती गोल काढला. मग लहानपणी गुरुजींनी शिकवलं आणि जन्मभर बापूंनी घोटून घेतलं तसं त्याने नवाचा ताळा मांडला. कागदावर एक फुली काढली. एकशे सत्याण्णवच्या आकड्यांची बेरीज सतरा, त्यांची आठ. आठ डावीकडे. भागाकार आला तीन लाख पंचाहत्तर हजार दोनशे एकोणनव्वद, त्याची बेरीज चौतीस, त्यांची सात. सात उजवीकडे. आठी साती छप्पन, पाच नि सहा अकरा, एक नि एक दोन. दोन वर. आणि पाटीवरच्या आकड्याची बेरीज तर त्याला तोंडपाठच होती, अडतीस, त्यांची अकरा, त्यांची दोन. दोन खाली. वर दोन, खाली दोन.

ताळा जुळला. घाट्यांच्या घरात, बापूंच्या कचेरीत, साऱ्या मुलखात ताळा जुळल्यावर पुन्हा गुणाकार करून बघणारा माणूस नव्हता.

नीलकंठ हसला. मग रडला. मग आत जाऊन चार माणसांचा भात एकटा खाईल असा जेवला. हात धुताना श्रीरंगच्या पाठीवर ओल्या हाताने थाप मारून म्हणाला, “सुटला. जा उद्या कामावर.”

“दादा, तुमचं काही खरं नाही,” श्रीरंग म्हणाला, पण तोही हसत होता.

सोमवारी सकाळी दोघे भाऊ सायकलींवरून बरोबर निघाले. लाल फळीच्या अलीकडे श्रीरंगने चपला काढल्या, बिल्ला खिळ्याला अडकवला आणि दादाकडे बघून मान हलवली. पाटीवर नुसता ७ होता. साडेसातला सात, साडेआठला सात. नीलकंठ काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन येत होता. दहाच्या सुमाराला पुन्हा गेला. अजूनही सात. त्याच्या छातीवरून मणभर ओझं उतरलं.

तेवढ्यात तपकिरीचा वास आला.

“बापू, सुटला,” तो हळूच म्हणाला. “एकशे सत्याण्णवने गेला. ताळा जुळला.”

खांद्याशी पाढे नव्हते आज. नुसते दोन आकडे, पुन्हा पुन्हा, घाईघाईने, चिडून, एखाद्या मठ्ठ पोराला शिकवावं तसे.

“नऊ एक… नऊ एक… अरे नऊ एक…”

“हो बापू,” नीलकंठ म्हणाला. “सगळं पाहिलं मी. आता तुम्ही स्वस्थ व्हा.”

आवाज चढत गेला, मग फाटला, मग नाहीसा झाला. नीलकंठला वाटलं, म्हातारा सुटला. त्याने नकळत हात जोडले आणि तो कचेरीकडे वळला.

अकरा वाजता पाणी प्यायची सुट्टी होते. सातांतले सहा जण बिल्ले काढून घेऊन बाहेर आले. श्रीरंग म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, माझे दोन दिवस बुडाले, एवढा ट्रे झाकून येतो. असं त्या सहांनी मागाहून सांगितलं. कचेरीत नीलकंठच्या दौतीतली शाई हलली, आणि त्यानंतर आवाज आला.

बांधांनी आपलं काम केलं. दुसऱ्या कुठल्याही शेडीला धक्का लागला नाही. दाराजवळची भिंत तेवढी उभी होती. तिच्यावर पाटी आणि सात खिळे. सहा खिळे मोकळे होते. अशा वेळी मोजणी-कारकुनाने जाऊन आत राहिलेले बिल्ले लिहून घ्यायचे, असा नियम. भाऊराव म्हणाला, “घाटे, तुम्ही राहू द्या. मी लिहितो.” त्याने कागद काढलाही. पण नीलकंठने तो ओढून घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. आत बाकी, बिल्ला १०८.

ग्वारीघाटावर नर्मदेत सगळं सोडून झालं. तेरावा झाला. आईने जपमाळ खुंटीला लावली ती पुन्हा हातात घेतली नाही. नागपूरहून आलेले नातेवाईक परत गेले. मग एका दुपारी, घर झोपलेलं असताना, नीलकंठने ते चार कागद काढले. त्याला बापूंवर राग होता, ताळ्यावर राग होता, भाग लागूनही आकड्याने शब्द पाळला नाही म्हणून आकड्यावर राग होता. कुणावर तरी हात टाकायला मिळावा म्हणून तो कागद चाळत होता.

तीन कागदांवर वरती ७३९३९१३३ होतं.

चौथ्यावर ७३९३१९३३.

नऊ एक. त्याने लिहिलं होतं एक नऊ. भात निवत होता, बायको बोलावत होती, घाम गळत होता, आणि तीन-नवांच्या त्या जंजाळात त्याने दोन आकडे उलटे उतरवले होते. भाग गेला होता तो दुसऱ्याच कुठल्या तरी निरुपद्रवी आकड्याला. आणि ताळा जुळणारच होता. आकडे कसेही उलटेसुलटे करा, बेरीज तीच राहते. हे बापूंनीच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, की ताळा चूक सांगतो, पण जागा बदललेले आकडे त्याला दिसत नाहीत. तो ते विसरला नव्हता. त्या रात्री ते त्याला आठवावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

त्याचा हात आपोआप चालू लागला. आकडा नीट उतरवला. एकशे सत्याण्णव. तीन वेळा, सात वेळा. हजार एकोणपन्नासात पाच. सहाशे एक्केचाळीसात तीन. पाचशे तीनात दोन. शेवटी एक हजार त्र्याण्णवात पाच, नऊशे पंच्याऐंशी.

बाकी एकशे आठ.

नीलकंठने तोंडावर हात दाबून धरला, आत आई झोपली होती म्हणून. पण आवाज निघालाच. अनसूया धावत आली. तिला त्याने कागद दाखवला नाही. दाखवून काय सांगणार होता? की भावाला राखायचं होतं म्हणून मी दोन दिवस घरी बसवलं, आणि मीच हात धरून परत धाडलं? त्याने चारही कागद चुलीत घातले. अनसूया शेजारी बसली.

त्याच आठवड्यात रेशनवाले फेरमोजणीला आले. नाव कमी करायचं असतं म्हणून आले. त्यांनी चौकटीवरचा ४ ओल्या फडक्याने पुसला आणि गेरूने ३ काढला. आईने तोंड फिरवलं. नीलकंठ त्या तिनाकडे बघत बसला. संध्याकाळपर्यंत त्याने तो दोनदा वाचला, जसा काही तो वाचायला अवघड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामावरून लवकर परतला. लू वाहत होती. गल्ली ओस होती. अनसूया दारातच उभी होती, हातात ओलं फडकं घेऊन.

“अहो, त्या रेशनवाल्याला सांगून या ना,” ती म्हणाली. “काय लिहून गेला पाहा. सदतीस माणसं कुठची आपल्या घरात? मी पुसून राहिली, पण निघून नाही राहिलं. वाळून पक्कं झालं.”

नीलकंठ सायकल टाकून पुढे आला. वास घेतला. उन्हाचा होता, गेरूचा होता, चुलीवरच्या डाळीचा होता. तपकिरीचा नव्हता. तो वाकला आणि चौकटीला नाक लावून शोधत राहिला, बोटाने चाचपत राहिला.

सातच्या खाली रेघ नव्हती.